पाच वर, तीन खाली

१

सकाळी पावणेनऊला आंघोळ आटोपली की नितेश कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळायचा. देव्हाऱ्यातल्या देवांना ओवाळायचं काम मथुराचं. हा एक देव मात्र त्याने स्वतःकडे ठेवला होता. नऊला बाजार उघडायचा, पाचला मिटायचा. बाजार भाजीचा नव्हे, डॉलरचा. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार आठच्या ऑगस्टअखेर, डॉलर-रुपयाचे सौदे घरबसल्या करता येऊ लागले, आणि कंबर धरल्यामुळे बोटीवरची नोकरी सुटलेल्या नितेशला वाटलं, देव पावला. अकरा वर्षं पगार डॉलरात घेतला, तेव्हा आपल्याइतका डॉलर अख्ख्या मांडवीत कुणाला कळणार, असं त्याचं म्हणणं. अकरा वर्षं डेक घासला म्हणून बोट चालवता येते म्हणण्यातला प्रकार, असं मथुराचं म्हणणं. पण ते मनातल्या मनात.

ठाण्याला जाऊन तो तीन दिवसांचा क्लास करून आला होता. येताना एक जाडी फाईल, एक फुकटची टोपी आणि बोलण्यात नवा मोठेपणा घेऊन आला.

"हे बघ," त्याने पहिल्याच आठवड्यात तिला समोर बसवून सांगितलं होतं. "भाव उगाच वरखाली होत नाय. त्याच्या लाटा असतात. वर जाताना पाच पावलं. वर, थोडा खाली, परत वर, परत थोडा खाली, परत वर. ही पाच झाली की मग तीन पावलांत कोसळतो. पाच वर, तीन खाली. समजलं?"

"समजलं."

"आणि गंमत काय, मोठ्या लाटेत लहान लाट असते, लहानात आणखी लहान. तासाभराची असो नायतर वर्षाची, आकार तोच. जगात जे जे वाढतं त्याला हाच नियम."

पडवीत जाळं विणत बसलेला धोंडू, नितेशचा बाप, तिथूनच ओरडला, "चाळीस वर्षां समुद्रात काढली रे मी! लाट मोजत बसणारा पयला बुडतो!"

"तुमची लाट वेगळी, बाबा."

"होय तर. माझी भिजवायची तरी."

मथुरा पदरात तोंड घालून हसली. सातवीपर्यंत शिकलेली ती. पण दहावीला गणितात दोनदा गचकलेल्या माणसाने जगाचा नियम सांगावा, हे तिच्या सातवीलाही हसण्यासारखं होतं.

२

नितेश पडद्यावरचा आलेख छापून घ्यायचा, त्यावर बटर पेपर ठेवायचा आणि पेन्सिलीने पुढची लाट काढायचा. उद्या भाव कसा जाणार, परवा कसा. पेन्सिल त्या गुळगुळीत कागदावरून खर्र खर्र करत फिरायची. दुसऱ्या दिवशी डॉलर नेमका उलट्या दिशेने चालता व्हायचा. नितेश म्हणायचा, चव्वेचाळीसवर येणार. तो जाऊन बसायचा अठ्ठेचाळीसवर. मग तो चुकलेला कागद चुरगळून खाली, नवा कागद वर.

"मोजणी चुकली," तो म्हणायचा. "लाट चुकत नाय."

नाचणाऱ्याचं चुकत नाही, अंगणच वाकडं. मथुरा ते चुकलेले कागद गोळा करून सरळ करून ठेवायची. चांगले कागद टाकवत नसत. तळलेले बांगडे ठेवायला, फळीवर अंथरायला, डब्याच्या झाकणाखाली घालायला एकदम झकास. नवऱ्याच्या विद्येचा घराला झालेला उपयोग तेवढाच.

सप्टेंबरात त्यातल्याच एका कागदाचं तिने सानिकाच्या वजनाच्या कार्डाला कव्हर घातलं. सानिका, त्यांची लेक, तीन महिन्यांची होती. अंगणवाडीतून मिळालेलं ते कार्ड तेलकट हाताने डागाळत होतं. शाळेत पुस्तकांना घालायची तसं चारी कोपरे दुमडून नीट कव्हर घातलं. कार्डावर आडवे महिने, उभे किलो. दर महिन्याला अंगणवाडीच्या सावित्रीताई बाळाला झोळीत घालून काट्याला लटकवायच्या, कव्हर उचलून वजनाचा ठिपका द्यायच्या आणि मागच्या ठिपक्याला जोडायच्या. कव्हर आरपार दिसणारं, म्हणून ठिपके वरूनही दिसायचे. कव्हरावर नितेशची एक चुकलेली लाट होती, ती कुणाच्या डोळ्यात यायचं कारण नव्हतं.

त्याच दिवशी परसात तवशाच्या वेलाला पहिली कोवळी काकडी धरलेली तिला दिसली. "बाबा, ते बघा तवसं!" तिने बोट दाखवलं.

"बोट दुमड गो!" धोंडू खेकसला. "वाढत्या वस्तूकडे सरळ बोट दाखवू नये. सडते."

तिने बोट दुमडून दाखवलं. म्हाताऱ्याचं आणि मुलाचं, दोघांचंही एकेक खूळ. त्यातल्या त्यात म्हाताऱ्याचं स्वस्त होतं.

चार दिवसांनी ते तवसं देठाशी काळं पडून गळलं. पावसाने असेल.

३

ऑक्टोबरात सानिकाचं वजन दीडशे ग्रॅम उतरलं. हगवण झाली होती, उतरणारच. सावित्रीताईंनी ठिपका दिला. "घाबरू नको गो, पुढल्या महिन्यात भरून काढेल."

नोव्हेंबरात पोरीने भरून काढलं, चांगलं आठशे ग्रॅम. मथुरा घरी येऊन कार्ड हातात घेऊन खिडकीत उभी राहिली. सुखाने बघत होती. वर, थोडं खाली, मग चांगलं वर.

मग तिला दिसलं की ती बघत होती ती सावित्रीताईंची रेघ नव्हती. ती कव्हरावरची होती. सावित्रीताईंची निळ्या पेनाची रेघ तिच्या बरोबर खाली होती. इतकी बरोबर, की दोन्ही मिळून एकच वाटत होती.

तिने कव्हर थोडं सरकवलं. दोन रेघा झाल्या. पुन्हा जागेवर आणलं. एक झाली.

हात्तिच्या, त्यात काय! रेघ वर जाते, खाली येते, आणखी काय करणार? अंगणवाडीतल्या वीस पोरांची कार्डं आणली तर चार तरी जुळतील. एवढी अक्कल तिला होती. तिने कार्ड फळीवर ठेवलं आणि पोरीला पाजायला घेतलं.

पाजताना तिची नजर फळीकडे जात राहिली. कव्हरावरची रेघ पुढेही गेली होती. डिसेंबरच्या रकान्यात ती थोडी खाली उतरत होती.

४

सगळा डिसेंबर मथुरा पोरीच्या मागे लागली. नाचणीचं सत्त्व, मऊ भाताची आटवल, त्यावर तुपाची धार. दिवसातून दोनदा द्यायचं ते चारदा. पोर तोंड फिरवायची, ही बोटाने भरवायची.

"अगो, पोर हाय की पोतं?" धोंडू म्हणाला. "किती कोंबशील?"

"वजन वाढायला हवं, बाबा."

"वजन वाढायचं तेव्हा वाढतं. पोराला सारखं सारखं मोजू नये."

अति खाऊन पोरीचं पोट बिघडलं. दोन दिवस ओकली. महिनाअखेर काट्यावर दोनशे ग्रॅम कमी. सावित्रीताईंनी ठिपका दिला आणि मथुराने कव्हर खाली सोडलं. ठिपका रेघेच्या पोटात बसला होता, जसा मणी दोऱ्यात बसतो.

आपणच कोंबलं, आपल्यामुळेच उतरलं. रेघेचा काय संबंध? तिने रस्ताभर हेच स्वतःला बजावलं. घरी आल्यावर मात्र तिने कव्हर काढलं आणि न्हाणीतल्या चुलीत घातलं. बटर पेपर भसकन पेटला. मग तिने चुकलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातून, न बघता, मधलाच एक ओढून काढला. ज्या दिवशी नितेशने दोन तासांत डॉलर तीस पैसे पडणार म्हणून शपथ घेतली होती आणि तो चाळीस पैसे चढला होता, त्या दिवशीचा. म्हणजे खात्रीचा चुकलेला.

तो घालून कोपरे दुमडले आणि खिडकीत धरला.

पहिली चार पावलं ठिपक्यांवर होती. पाचवं जानेवारीत वर चढत होतं. त्याच्यापुढे तीन पावलं खाली.

तिने गठ्ठ्यातला आणखी एक कागद ठेवून बघितला. मग आणखी एक. आठ झाल्यावर तिने बघणं थांबवलं.

मग तिच्या मनात एक विचार आला. नितेशची मोजणी डॉलरला लागत नव्हती, कारण ती डॉलरची नव्हतीच. लाटा त्याला दिसत होत्या खऱ्या. कोणाच्या, ते कळायची त्याची ऐपत नव्हती.

हा विचार तिने फडक्याने पुसावा तसा पुसून टाकला. पण डाग राहिला.

५

जानेवारीत सानिका उगवत्या माडासारखी वाढली. सगळी आळी म्हणायला लागली, काय गुबगुबीत झाली पोर! मथुराला ते शब्द टोचायचे. ती पोरीच्या कानामागे काजळाची तीट लावायची, एकाच्या जागी दोन.

पाच झाली होती.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पोरीला ताप आला. उतरला, पण पोर उतरतच राहिली. खायची, प्यायची, हसायचीसुद्धा, आणि तरी हाताला हलकी लागायची. डॉक्टरांनी छाती तपासली, कान तपासले. "दात येतायत. काही नाही," म्हणाले. दुसरे डॉक्टरही तेच म्हणाले. महिनाअखेर सातशे ग्रॅम कमी. या खेपेला सावित्रीताईंनी काटा दोनदा झटकून बघितला.

ठिपका रेघेवर.

त्याच आठवड्यातली एक दुपार. लाईट गेलेली, कॉम्प्युटर मेलेला, नितेश वैतागून धक्क्यावर गप्पा ठोकायला गेलेला. धोंडू पडवीत आडवा. पोर झोळीत झोपलेली. मथुरा माजघरात तांदूळ निवडत होती. घर इतकं शांत, की सुपातला खडा बाजूला टाकला तरी ऐकू यावा.

खर्र.

तिने मान वर केली. बटर पेपरवर पेन्सिल फिरते तो आवाज. सहा महिने रोज ऐकलेला, चुकायचा नाही.

खर्र खर्र. थोडा थांबून, खर्र.

"आलात काय ओ?" तिने विचारलं. ती उठून नितेशच्या टेबलाशी गेली. खुर्ची रिकामी. पेन्सिल आडवी पडलेली. आवाज टेबलाकडून नव्हताच. तो फळीवरून येत होता, जिथे कार्ड ठेवलेलं होतं.

झुरळ. झुरळं कागद कुरतडतात. ती फळीकडे बघत उभी राहिली. कार्ड उचलून खाली झुरळ आहे का बघणं काही अवघड नव्हतं. हात लांब केला की झालं. ती उभीच राहिली. थोड्या वेळाने आवाज आपोआप थांबला, आणि झोळीतली पोर झोपेतच खोकली.

६

शेवटी तिने नितेशला सांगितलं. दुसरं कोण होतं? रविवार होता, बाजार बंद, म्हणून त्याला कान होते. तिने कार्ड त्याच्यासमोर ठेवलं, कव्हर सरळ केलं आणि सगळं सांगितलं. पहिलं कव्हर, जाळलेलं कव्हर, आठ कागद.

नितेश वाकून बघत होता. पोर जन्मल्यापासून हे कार्ड त्याने पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. तो एकेका ठिपक्यावर पेन्सिलचं टोक टेकवत गेला. ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि हळूहळू त्याच्या तोंडावर असा आनंद पसरला, की मथुराने लग्नाच्या फोटोतसुद्धा तसा बघितला नव्हता.

"म्हणजे मोजणी बरोबर होती!" तो म्हणाला.

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"बघ! बघ ना! दुसरं पाऊल पहिल्याच्या खाली गेलेलं नाय. तिसरं सगळ्यात मोठं. तंतोतंत! मी म्हणत होतो ना, जे जे वाढतं त्याला हाच नियम! तो ठाण्याचा सर म्हणायचा, तुम्हाला जमायचं नाय. आता ये म्हणावं, बघ म्हणावं!"

"अहो, ती आपली पोर आहे."

"होय गो, ते कळतं मला."

"खाली जातेय रेघ. दिसतंय काय? मार्चात थोडी वर, आणि मग खाली, खाली, कार्डाच्या बाहेर. तिथे किलोचा आकडासुद्धा नाही. तिथे काय आहे?"

नितेशने डोकं खाजवलं. "तिथे मोठ्या लाटेचं पयलं पाऊल सुरू होतं," तो म्हणाला. "ज्याला धीर असतो त्याने वाट बघायची."

मथुराने त्याच्याकडे बघितलं. सहा महिने ती या माणसाला हसली होती, आणि ते हसणं म्हणजे लाडच होते म्हणायचे. खरा तिटकारा काय असतो ते तिला आत्ता कळलं. तिने त्याच्या हातातून कार्ड ओढून घेतलं.

"तुम्ही धरा धीर," ती म्हणाली.

७

त्याच दुपारी तिने ट्रंकेतून आपली सातवीतली कंपासपेटी काढली. लाकडी फूटपट्टी होती, कडेला शाईचे डाग असलेली. खिडकीत बसून तिने कव्हरावरच्या खाली जाणाऱ्या रेघेवर, मार्चच्या अलीकडेच, दोन आडवे फराटे मारले. मग फेब्रुवारीच्या ठिपक्यावर पट्टी टेकवली आणि एक रेघ वर ओढली. सरळ. लाट नाही, पाऊल नाही, वाकडं काही नाही. आपल्या पोरीने कुठून कुठे जायचं ते तिने पट्टीने आखून दिलं. एप्रिल, मे, जून, वाढदिवसापर्यंत, आणि कागदाच्या कडेच्या बोटभर अलीकडे थांबली. रांगोळी काढणारा हात तो, एकदाही थरथरला नाही.

मार्चात सानिकाचं वजन नऊशे ग्रॅमने वाढलं.

सावित्रीताईंनी काटा दोनदा बघितला आणि हसून पोरीचा गालगुच्चा घेतला. "काय दिलंस गो? आम्हाला पण सांग."

मथुरा घरी आली ती उडतच. धोंडूने पोरीला घेतलं, वर उडवली, पोर खिदळली. मथुराने त्या दिवशी मोदक तळले, नितेशला न मागता दोन जास्त वाढले. एप्रिलातही वजन वाढलं. तिला नितेशचं हसू यायला लागलं, पहिल्यासारखं. ठाण्याच्या क्लासात तीन दिवस बसून जे जमलं नाही ते हिने फूटपट्टीने करून दाखवलं होतं. लाटा म्हणे! पेन्सिल ज्याच्या हातात, लाट त्याची.

मेच्या पहिल्या सोमवारी, सकाळी, नितेश उदबत्ती ओवाळत होता. पोर पडवीत आजोबांच्या मांडीवर होती. मथुराने पुढचं वजन कधी आहे ते बघायला कार्ड काढलं. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. त्या उजेडात तिने कार्ड धरलं.

आपली रेघ तिने काढल्यापासून नीट बघितलीच नव्हती. सरळ रेघेत बघायचं काय?

ती सरळ नव्हती.

लांबून दिसली नसती. पण उन्हात दिसत होतं. रेघ चढत होती, केसभर उतरत होती, पुन्हा चढत होती. पट्टी लावून काढलेली, लाकडाच्या कडेने काढलेली रेघ. मथुराने पट्टी आणली आणि तिच्यावर ठेवली. पट्टी सरळ होती. रेघ तिच्या कडेखालून बाहेर येत होती आणि आत जात होती, पुन्हा बाहेर, पुन्हा आत.

तिने पट्टी बाजूला केली आणि बोटाने मोजत गेली. एक. दोन. तीन. चार. जूनपाशी, कागदाच्या कडेच्या बोटभर अलीकडे, जिथे तिने हात थांबवला होता, तिथे पाच.

"अरे वा," नितेश मागून म्हणाला. त्याने उदबत्ती हातातच धरली होती आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. आदर होता. लग्नाला तीन वर्षं झाली, असा आवाज तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "तुला कुणी शिकवलं गो?"

तिला आठवत होतं, आपण नेमकं कुठे थांबलो होतो. टोक दाबलं होतं, तिथे कागदावर बारीकसा खड्डा पडला होता. खड्डा तिथेच होता. रेघ मात्र तिथे थांबली नव्हती. ती खड्ड्याच्या पुढे गेली होती, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि खाली वळली होती.

पडवीत सानिका खोकली. एकदाच, कोरडं.

"काय गो झालं?" धोंडूने तिथून विचारलं. "काय बघतेस तां? बोट दुमड!"

मथुराने खाली बघितलं. रेघेच्या टोकावर टेकलेलं तिचं बोट सरळ होतं.